'यातलं तुम्हाला काय कळणार?'

तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत कुठल्याही रस्त्यानं चालत जा, बंगल्यांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या दिसतीलच. काही शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकांच्या, काही परदेशात स्थायिक झालेल्या मुलांच्या. आणि बऱ्याचशा, मालक गेल्यावर जिथल्या तिथं राहून गेलेल्या. या शेवटच्या प्रकारातली एखादी गाडी साधीसुधी नसते. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, कधीकाळी कोटीच्या घरात घेतलेली. घरातल्या बाईला तिच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक असतात, की 'ह्यांची' ती फार लाडकी होती आणि तिला कुणी हात लावायचा नसतो. मग तेराव्यानंतर एजंटांचे फोन सुरू होतात. "मॅडम, इंजिन जाम झालंय, आता भंगारच."

अशा वेळी विकण्याआधी इंजिन उघडून मोजून घ्यावं, आणि ते मोजलं जात असताना घरातल्या बाईनं तिथं उभं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायकांच्या पुरवणीत इंजिनाचं काय काम, असं कुणी म्हणेल. गेली काही वर्षं मी मावळात नवरा गेलेल्या बायकांची कागदपत्रं करून देण्याचं काम करते. पेन्शन, बँकेतलं वारस म्हणून नाव, सातबारावरची नोंद. जमिनीच्या बाबतीत आता बायका चार प्रश्न विचारू लागल्या आहेत. यंत्र म्हटलं की मात्र अजूनही मागे सरतात. ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो की असली महागडी गाडी, 'यातलं तुम्हाला काय कळणार' हे वाक्य आलं की व्यवहार दुसऱ्याच्या हातात गेलाच म्हणून समजा.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचंच बघा. वय साठीच्या पुढे. बंगला दिरांच्या सामाईक नावावर, त्यामुळे तो विकता येत नाही. मुलगा परदेशात, त्याचा स्वतःचाच संसार ओढाताणीचा. एकट्या नवऱ्याच्या नावावर म्हणावी अशी एकच मोठी वस्तू होती, ती ही गाडी. युरोपातून आलेली, आठ सिलिंडरची, २००८ साली नोंदवलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. काका आजारी पडले २०१८ मध्ये, त्यानंतर ती हलली नाही. ते गेले २०२३ मध्ये. एजंटानं भाव दिला चार लाख. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं गाडी न उघडताच सांगितलं, इंजिन बदलावं लागेल, २८ लाख. तशीच गाडी चालू स्थितीत असती तर पस्तीस-चाळीस लाखांना गेली असती. दीर म्हणाले, "वहिनी, चार लाख येतायत ते घ्या. यातलं तुम्हाला काय कळणार?"

चार आणि पस्तीस यांच्यामध्ये काकूंची पुढची दहा वर्षं होती. औषधं, हातखर्च, दुखण्याखुपण्याला कुणापुढे हात न पसरणं, सगळं.

आधी कागदांचं सांगते, कारण इथंच पहिली ठेच लागते. गाडीचा मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. मावळ तालुका पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे, एमएच १४ मध्ये येतो. मुलाची संमती, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हे सगळं आम्ही मुदतीत केलं. पण पुढे दुसरा पेच होता. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आलेली. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या आयात केलेल्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ४० हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजेच चालावी लागते. बंद गाडीला नोंदणी नाही आणि नोंदणी नसलेल्या गाडीला भाव नाही! दुसरीकडून इंजिन आणून बसवावं म्हटलं तर आरसीवर इंजिनचा नंबर असतो, तो बदलला की पुन्हा आरटीओची परवानगी आणि नोंद आली. आहे तेच इंजिन बांधता आलं तर निम्मे प्रश्न तिथंच मिटणार होते.

आता ती बिघडली कशानं? कुणी वापरून बिघडवली नव्हती. उभी राहून बिघडली होती.

लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर आपल्या कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, चामड्याच्या चपला हिरव्या होतात, तिथं लोखंडाचं काय? वरून ताडपत्री टाकली की गाडी वाचली असं आपल्याला वाटतं, पण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडून राहते. इंजिन थांबतं तेव्हा काही सिलिंडरच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघड्या राहिलेल्या असतात. त्यातून ओल थेट आत जाते. टाकीतलं पेट्रोल वर्षभरात जुनं होतं, मग त्याचा चिकट थर बसून इंजेक्टरची बारीक छिद्रं बुजतात. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं ते निराळंच. रबरी होसपाइप कडक होऊन तडकतात. उंदरांना वायरिंगवरचं आवरण आवडतं, हे तर गावातला कुणीही सांगेल.

या सगळ्यात जास्त घात करतो तो टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या वरच्या झडपा आणि खालचा क्रँक एका तालात फिरवणारा हा दातेरी पट्टा. तो किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हातारा होतो. तुटला तर फिरता पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो आणि एका क्षणात लाखोंचं नुकसान.

सचिन तेंडुलकरची ती लाल फेरारी आठवतेय? ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला मिळालेली ३६० मोडेना. पुढे तिच्या आयात शुल्कावरून केवढा गदारोळ झाला! शुल्क होतं कोटीच्या वर. २०११ मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. तेव्हा घरोघरी चर्चा झाली ती शुल्काची. ती गाडी सांभाळायला काय लागतं, हे कुणी बोललं नाही. त्या इंजिनाचे बेल्ट दर काही वर्षांनी बदलावेच लागतात, गाडी हजार किलोमीटर चालो की दहा हजार. ३६० मध्ये निदान सीटच्या मागून हात घालून ते काम होतं. त्याआधीच्या ३४८ आणि एफ-३५५ मध्ये तर बेल्ट बदलायला सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं. असली गाडी घेणं हा एक खर्च, आणि ती न वापरणं हा दुसरा. हा दुसरा खर्च शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

तर काकूंची गाडी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कामशेतच्या अलीकडे एक गॅरेज आहे. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरची गर्दी तिकडे वळली, तेव्हा या पट्ट्यातली बरीच गॅरेजेस ओस पडली. हे टिकलं, कारण इथला मेस्त्री इंजिनाच्या कामाला पक्का. तरुणपणी भोसरीच्या एका टूलरूममध्ये होता, तिथं मोजमापाची शिस्त अंगात मुरली. त्यानं आवारात येऊन गाडीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, "काकू, चावी कुणी फिरवली तर नाय ना?" एजंटानं बॅटरी लावून 'जरा बघू' म्हटलं होतं, पण काकूंनी नाही म्हणून सांगितलं होतं. केवढं मोठं काम केलं होतं त्यांनी! जाम झालेलं इंजिन जबरदस्तीनं फिरवलं की गंजलेली रिंग सिलिंडरची भिंत ओरबाडते, आणि मग खरोखरच भंगार होतं.

मग काय केलं? स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. नवव्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं, अगदी सावकाश, एक रेघ इकडे एक रेघ तिकडे. बेल्ट आधीच काढून ठेवले होते. प्लगच्या भोकातून बोटाएवढा कॅमेरा आत सोडून त्याचं चित्र मोबाइलवर दाखवलं. आठपैकी सहा सिलिंडर स्वच्छ, दोनांत गंजाचे डाग. २८ लाखांचा अंदाज देणाऱ्यांनी एवढी तसदी घेतली नव्हती. तो कॅमेरा दोन-तीन हजारांत मिळतो.

गाडी ट्रकवरून गॅरेजमध्ये नेली. या गाड्यांचं इंजिन पाठीमागे, सीटच्या मागे असतं. ते खालून उतरवलं आणि सुटं करायला घेतलं. इथून पुढचं काम मी जवळून पाहिलं, आणि मला सारखं वाटत राहिलं, की हे तर ओळखीचं आहे! सुटा केलेला प्रत्येक बोल्ट कुठला, कुठल्या क्रमानं निघाला, ते लिहून चिक्कीच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेलं. डब्यावर चिठ्ठी, 'डावं हेड, वरची रांग'. काढण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो. बत्तीस झडपा, पण एकीची जागा दुसरीला द्यायची नाही, कारण इतकी वर्षं ती त्याच जागी बसून घासली गेलेली असते. दिवाळीत मांडणीवरचे डबे उतरवून पुन्हा लावणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे डबे सांभाळत होती ती तिथली शिकाऊ मुलगी. नाणे मावळातली, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केलेली. मेस्त्रीला मामा म्हणते. झडपा बसवायच्या आधी त्या आपापल्या जागेवर पेस्ट लावून हातानं घासायच्या असतात, करड्या रंगाची एकसारखी कड उमटेपर्यंत. बत्तीसच्या बत्तीस तिनं केल्या. नंतर वरून रॉकेल ओतून ठेवलं आणि खाली थेंब येतो का पाहिलं. दोन ठिकाणी आला, त्या पुन्हा घासल्या. या मुलीबद्दल पुढे आणखी लिहिणार आहे.

मोजमापाचा दिवस फार मोलाचा. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा सहा ठिकाणी मोजला. तो गोल राहिलाय की लंबगोल झालाय, खाली निमुळता झालाय का, ते त्यावरून कळतं. क्रँकचे गोल भाग मायक्रोमीटरनं. इथं हिशेब 'थाऊ'त चालतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बेअरिंगमध्ये तेलाला किती फट आहे ते बघायला मेणासारखा मऊ, शेवईहूनही बारीक धागा मध्ये ठेवून बोल्ट आवळतात, पुन्हा सोडतात आणि चेपून तो किती रुंद झाला ते पट्टीवर पाहतात. मला ही युक्ती फार आवडली.

एक ओळखीचा बोरिंगवाला म्हणाला, दोन सिलिंडरना डाग आहेत ना, आठही बोअर करून टाकू. आपल्या नेहमीच्या लोखंडी ब्लॉकला तो उपाय बरोबर आहे. पण या इंजिनाचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे, आणि त्यांच्या आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा केसाएवढा पातळ, पण अतिशय कडक थर. नेहमीच्या पद्धतीनं बोअर केलं असतं तर तो थरच निघून गेला असता आणि ब्लॉक कायमचा गेला असता. मेस्त्रीनं आधी डाग हलक्या हातानं साफ केला, मग मोजलं. थर शाबूत होता. गंजल्या होत्या त्या पिस्टनच्या रिंगा, त्यांचाच रंग भिंतीला लागला होता. म्हणजे गरज होती नव्या रिंगांच्या संचाची, आणि विचार चालला होता सगळा ब्लॉक कापायचा. आजारात नसतं का असं? तपासणी नीट झाली नाही की शस्त्रक्रिया मोठी होते.

खर्चाचं आता. काकूंनी आपल्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून कर्ज काढलं होतं, त्यामुळे रुपया न् रुपया वहीत होता. वही माझ्याकडे. भाग आले २ लाख ९५ हजारांचे. त्यात रिंगा, सगळ्या बेअरिंग, गॅस्केटचा पूर्ण संच, बेल्ट आणि त्यांचे टेन्शनर, पाण्याचा पंप, पेट्रोल पंप, होसपाइप, हेडचे बोल्ट. मशिनिंग आणि मोजमाप ४० हजार. इंजेक्टरची सफाई आणि उंदरांनी खाल्लेलं वायरिंग ७० हजार. ट्रक, ऑइल आणि किरकोळ ३५ हजार. मजुरी १ लाख ८० हजार. एकूण ६ लाख २० हजार. टायर आणि ब्रेक यांचे १ लाख ४० हजार वेगळे.

स्वस्तात कसं झालं म्हणाल, तर स्वस्त माल घेऊन झालं नाही. पिस्टन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, झडपा, हे सगळे महाग भाग मापात भरले, म्हणून तेच परत बसवले. खरी बचत ती. दुसरी बचत डब्यावरच्या नावाची. मोठमोठ्या गाड्यांतही सेन्सर, इंजेक्टर, बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्याच असतात, आणि तोच भाग त्या दुसऱ्या साध्या गाडीलाही देतात. भागावरचा मूळ नंबर शोधला की तीच वस्तू कितीतरी कमी किमतीत मिळते. यात कमीपणा काही नाही. लॅम्बोर्गिनीच्या डिआब्लोला शेवटच्या काळात निस्सानच्या ३०० झेडएक्सचे हेडलाइट बसवले होते. दिलीप छाब्रियांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेली 'अवंती', जिला भारतीय सुपरकार म्हणून आपण मिरवलं, तिच्या पोटात रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं. आपण नाही का गिरणीत मिळणारा सुटा इंद्रायणी आणि तोच ब्रँडच्या पिशवीतला इंद्रायणी ओळखत?

जिथं हात आखडायचा नाही अशा जागा मेस्त्रीनं आधीच सांगितल्या होत्या. रबर, गॅस्केट, बेल्ट, बेअरिंग, आणि एकदा आवळले की ताणले जाणारे बोल्ट, हे जुने परत वापरायचे नाहीत. बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायचा नाही, ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या जोरानं, टॉर्क रेंच लावून. काकू एकदा म्हणाल्या, "बेल्ट तर चांगला दिसतोय की." मेस्त्रीनं तो उलटा करून दातांच्या बेचक्यातल्या बारीक भेगा दाखवल्या. काकूंनी वहीत स्वतःच्या हातानं रक्कम लिहिली.

आणि मजुरी. या एका आकड्यावरून नातेवाइकांत सगळ्यात जास्त कुजबुज झाली. एका गॅरेजवाल्याला पावणेदोन लाख? मला राग येतो तो इथं. २८ लाख सांगणाऱ्या काचेच्या केबिनला कुणी उलटून विचारलं नाही. पण तीन महिने जमिनीवर बसून, एकेक भाग मोजून ज्यानं बावीस लाख वाचवले, त्याच्याशी घासाघीस करायची! कमी खर्चात काम म्हणजे हातानं काम करणाऱ्याला कमी पैसे, ही आपली जुनी खोड आहे. मोलकरणीच्या पगारापासून ती सुरू होते.

त्या मुलीकडे आता येते. आयटीआयमध्ये तिच्या वर्गात ती धरून दोनच मुली होत्या. तिच्या आईला गावात विचारतात, काळे हात घेऊन येणारी पोरगी कोण करील? दोन स्थळं आली, दोन्हीकडून एकच अट, लग्नानंतर गॅरेज बंद. आईचा जीव टांगणीला, हे मी समजू शकते. पण मावळातल्या मुलींना आपण काय देतो आहोत? शिवणकाम, ब्यूटी पार्लर, पापड-लोणची. मी स्वतः बचत गटांची अशी वर्गं घेतली आहेत, त्यांची किंमत कमी लेखत नाही. पण एका गावात किती पार्लर चालणार? आणि हाकेच्या अंतरावर तळेगाव, चाकण, पिंपरी, जिथं हजारो हात यंत्रांवर लागतात. पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये हॅरियर आणि सफारी जुळवणाऱ्या एका विभागात दीड हजाराच्या घरात स्त्रिया काम करतात. १९७४ मध्ये याच कंपनीच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं होतं, त्यावर सुधा मूर्तींनी जेआरडींना पाठवलेलं पोस्टकार्ड आपल्याला पाठ आहे. मुलींना ती गोष्ट आपण सांगतो खरी, पण आपल्या मुलीचा आयटीआयचा फॉर्म भरताना मोटर मेकॅनिकच्या चौकटीवर खूण करायला हात धजत नाही.

आमच्या लोणावळ्यातच आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून नौदलाचे जहाजांवरचे इंजिन सांभाळणारे लोक इथं शिकतात. भुशी धरणाकडे भिजायला जाणारे लाखो लोक त्या वाटेनं जातात. इंजिन शिकायला अख्ख्या देशातून मुलं आमच्या गावात येतात आणि आमच्या मुली चिक्कीच्या दुकानात सुट्टे पैसे मोजतात, याचं मला वाईट वाटतं.

काही मैत्रिणींनी मला स्पष्टच विचारलं, श्रीमंतांच्या खेळण्यावर एवढं कशाला? पवना धरणात जमिनी गेलेल्या बायका अजून हेलपाटे घालताहेत, आणि तू दोन दारांच्या गाडीत अडकलीस! प्रश्न योग्य आहे. पण काकू श्रीमंत नाहीत, श्रीमंत होती ती वस्तू. आणि ती चार लाखांत गेली असती तर फायदा गरिबाचा झाला नसता, एजंटाचा झाला असता. त्यानंही ती बांधूनच विकली असती.

प्रत्येक गाडी बांधावी असं मात्र मी म्हणत नाही. ब्लॉकला तडा असेल, पुरात बुडाली असेल, कागद हरवले असतील, किंवा चालू होऊनही तिला चार-पाच लाखांवर भाव येणार नसेल, तर मोह सोडावा आणि सरकारमान्य स्क्रॅप केंद्राकडे देऊन नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्यावा. नाहीतर गाडी कुणी वापरेल आणि कर, दंड तुमच्या नावावर चढेल. उघडून बघण्याचा खर्च आधी ठरवून घ्यावा. आमच्या वेळी तो १५ हजार ठरला होता, आणि आत बघून 'नाही' म्हणायची मोकळीक दोघांनाही होती. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यावेत, काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत, आणि प्रत्येक मापाचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. हा मापांचा कागद पुढे गिऱ्हाइकाला दाखवता येतो. दिरांनी त्यावर मान डोलावली, आकडे त्यांनाही कळले नव्हते, ती गोष्ट निराळी.

सुरू करायच्या दिवशी आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, प्लग न लावता इंजिन नुसतं फिरवलं, सगळीकडे तेल पोहोचेपर्यंत. तेलाचा दाब काट्यावर दिसला तेव्हा मुलीनं प्लग लावले, फ्यूज लावला. दुसऱ्या फेरीला लागलं. निळसर धूर आला, काकू घाबरल्या. मेस्त्री म्हणाला, सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळतंय, राहील थोडा वेळ. दहा मिनिटांत धूर गेला. डाव्या बाजूच्या एका जोडातून पाणी ठिबकत होतं, तेवढ्यासाठी तिनं पुन्हा अर्धा दिवस काम केलं.

नोंदणीचं नूतनीकरण झालं. पहिले दीड हजार किलोमीटर इंजिन जोरात पळवायचं नाही आणि पाचशे झाले की ऑइल बदलायचं, असं मेस्त्रीनं लिहून दिलं आहे. त्यामुळे रविवारी सकाळी तो आणि ती मुलगी आळीपाळीनं गाडी कार्ला फाट्यापर्यंत नेऊन आणतात. गिऱ्हाईक दोन आली आहेत. एकाचा आकडा ३३ लाख आहे. त्यानं काकूंना विचारलं, "बेल्ट कधी बदलले, काही कल्पना आहे का?" काकू वही आणायला आत गेल्या.